वाळवंटातलं घर आणि साखळीची विहीर

गोव्यात साखळीला येऊन आठ दिवस झाले आणि आठही दिवस पाऊस आहे. सोप्यावर बसून लिहितेय. पागोळ्यांनी अंगणात चर पाडलेत. परसातल्या विहिरीचं पाणी इतकं वर आलंय की कठड्यावरून वाकलं तर कळशी बुडेल. तीन वर्षांनी पावसाळ्यात घरी आलेय, त्यामुळे दिवसातून चार-पाचदा तरी उगाचच विहिरीत डोकावून येते.

भेटायला येणारा प्रत्येकजण आमच्या तिकडच्या घराबद्दल विचारतो. खोल्या किती, डॉलरमध्ये कितीला पडलं, मागे स्विमिंग पूल आहे ना, आणि मग हमखास, ‘‘एवढी मोठी अमेरिका सोडून वाळवंटात कशाला गेलात?’’ सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

आम्ही राहतो अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला खेटून असलेल्या स्कॉट्सडेल शहरात. नवऱ्याची नोकरी सेमीकंडक्टरमधली, आणि ते काम या भागात भरपूर आहे, म्हणून गेलो. स्कॉट्सडेल दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलंय. उत्तरेकडे जावं तशी घरं मोठी आणि महाग होत जातात. मागे मॅक्डॉवेल डोंगर, त्याला लागून शहराने राखून ठेवलेलं तीस हजार एकरांहून जास्त वाळवंट. त्याच डोंगराच्या पायथ्याशी फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९३७ पासून आपलं हिवाळी घर आणि शाळा बांधायला घेतली, तिथलेच दगड आणि तिथलीच रेती वापरून. ते टॅलिएसिन वेस्ट २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आजही या भागातली चांगली घरं त्याच वळणाची आहेत: बैठी, मातकट रंगाची, डोंगराच्या आड न येणारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सगळंच भकास वाटलं होतं. आता तिथला संध्याकाळचा जांभळा होत जाणारा डोंगर इथे आठवतो.

घर शोधायला लागलो २०२१ मध्ये. शहराच्या हद्दीबाहेर, ईशान्येला रिओ व्हर्दे फूटहिल्स म्हणून भाग आहे, तिथलं एक घर मनात भरलं होतं. मोठी जागा, चहूबाजूंनी सग्वारो निवडुंग, आणि किंमत शहरातल्यापेक्षा बरीच कमी. फोनवर आईला खोल्या दाखवत होते. मागून बाबांनी विचारलं, ‘‘पाणी कुठलं?’’

मी म्हटलं, नळ आहेत की सगळीकडे. ते म्हणाले, ‘‘नळ असतातच. नळात येतं कुठून ते विचार.’’

तिकडे विकणाऱ्याने घराचा खुलासा लिहून द्यायचा असतो: गळती, वाळवी, दुरुस्त्या, सगळं. त्या कागदांत पाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, टँकरने आणलेलं. अंगणाखाली मोठी टाकी आणि ती भरायला टँकर. टँकर भरायचे ते स्कॉट्सडेल शहराच्या नळावर. शहराने तेव्हाच कळवून ठेवलं होतं की कोलोरॅडो नदीत पाणी कमी आहे, हद्दीबाहेर पाणी नेणं बंद करावं लागेल. आम्ही ते घर सोडलं. १ जानेवारी २०२३ ला शहराने खरंच ते पाणी तोडलं. शेकडो घरं. लोक कागदी ताटांत जेवत होते, पावसाचं पाणी बादल्यांत धरून संडासाला वापरत होते. त्याच वर्षी पुढे कायदा करून तात्पुरती सोय झाली, पण मधले ते महिने त्या लोकांनी कसे काढले असतील, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो. त्यांच्यात आम्हीही असू शकलो असतो.

असं घर विकायला परवानगी कशी मिळते, हे मी नंतर खोदून वाचलं. अ‍ॅरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे. फिनिक्ससारख्या भागात नवी वसाहत आखायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे बिल्डरला आधी सिद्ध करावं लागतं. शंभर वर्षं! वाचलं तेव्हा मला त्या राज्याचा हेवा वाटला. पण वसाहत म्हणजे सहा किंवा जास्त प्लॉट. जमिनीचे पाचच तुकडे केले तर हा नियम लागत नाही. मग पाच तुकडे करायचे, विकणारा बदलायचा, पुन्हा पाच. आपल्याकडे डोंगर कापून प्लॉट पाडलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना यापुढे काही सांगायला नको.

शेवटी शहराच्या हद्दीतलं, शहराच्या पाण्याचं घर २०२२ च्या मार्चमध्ये घेतलं. लहान आणि महाग. पण बाबांच्या प्रश्नाला उत्तर होतं. आमचं बरंचसं पाणी येतं कोलोरॅडोचं. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या लेक हवासूमधून ५४१ किलोमीटरचा कालवा ते वाळवंट ओलांडून आणतो, वाटेत पंपांनी ते साडेआठशे मीटरहून जास्त वर चढवतो. त्या नदीच्या पाण्याची वाटणी १९२२ मध्ये सात राज्यांत ठरली, तीही नदीत पाणी जास्त असलेल्या वर्षांचे आकडे धरून. त्यामुळे कागदावर जेवढं वाटलंय तेवढं नदीत नाहीच, आणि तुटवडा पडला की आमच्या कालव्याला कपात सगळ्यात आधी लागते. इकडे गोवा-कर्नाटकात म्हादई नदीच्या पाण्यावरून २०१० मध्ये लवाद बसला, २०१८ मध्ये निवाडा आला आणि भांडण अजून चालूच आहे. ते बघत मोठी झाले असल्याने तिकडच्या पेपरातल्या नदीच्या बातम्या मला परक्या वाटत नाहीत.

पाणी असं तोकडं, म्हणून सांडपाणीही वाया घालवत नाहीत. १९९८ पासून स्कॉट्सडेल आपलं सांडपाणी इतकं शुद्ध करतं की ते परत जमिनीत मुरवतात. गोल्फची हिरवळ प्रक्रिया केलेल्या पाण्यावर. नव्या घरांना समोरच्या अंगणात खरं गवत लावायला १५ ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे. आमचं घर जुनं, त्यामुळे गवत होतं. आम्हीच काढलं आणि खडी, कोरफड, पालोव्हर्देची झाडं लावली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची बारीक नळी.

आता खरेदीचं. कराराची सही झाल्यावर तपासणीला दहा दिवस मिळतात. त्या वर्षी बाजार इतका तापला होता की लोक तपासणी सोडून देऊन घरं घेत होते. एजंट आम्हालाही तेच सुचवत होता. आम्ही ऐकलं नाही. तपासणीवाला छपरावर चढला, एक कौल उचलला आणि खालच्या कागदाचा तुकडा माझ्या हातात दिला. बोटांत धरताच पापडासारखा चुरला. तिथली कौलं सिमेंटची, ती पन्नास वर्षं टिकतील, पण घराला पाण्यापासून राखतो तो खालचा डांबरी कागद, आणि त्याला वीस-पंचवीस वर्षांत ऊनच खाऊन टाकतं. इथे आपण दर मे महिन्यात घर शाकारतो ते पावसाच्या भीतीने. तिथे छप्पर मरतं उन्हाने, आणि कळतं मात्र वर्षातल्या त्या चार-पाच मोठ्या पावसांत. गॅरेजच्या भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या होत्या, त्या त्याने दाखवायच्या आधी मीच दाखवल्या. छपराचा अर्धा खर्च विकणाऱ्याने किमतीतून कमी करून दिला.

सगळ्यात घरचं वाटलं ते मात्र टायटल कंपनीच्या, म्हणजे मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्यांच्या कचेरीत. तिथली बाई आम्हाला समजावत होती की या राज्यात लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, म्हणून घेताना आणि विकताना दोघांच्याही सह्या लागतात. आमच्याबरोबर नवऱ्याचा पुण्याचा मित्र होता, त्याला याचं फार नवल वाटलं. मला नाही. पोर्तुगीज नागरी कायद्याने गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईकच धरली जाते. माझ्या आजीच्या सहीशिवाय आजोबांना बांधाचा तुकडासुद्धा विकता आला नाही, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. अ‍ॅरिझोनात तो रिवाज स्पेन आणि मेक्सिकोकडून आला, आपल्याकडे पोर्तुगालकडून. सही करताना मला आजीची आठवण झाली, आणि हे लिहिताना पुन्हा होतेय.

राहायला लागल्यावर एचओए कळली, म्हणजे वसाहतीची सोसायटी. दर महिन्याला पैसे द्यायचे आणि घराच्या बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला परवानगी घ्यायची. कचऱ्याचा डबा रात्रभर बाहेर राहिला तरी पत्र येतं. मी दाराशी तुळशीवृंदावन ठेवलं, कावेच्या तांबड्या रंगात रंगवलेलं, आणि दहा दिवसांत पत्र आलं. मनाला फार लागलं. नवरा म्हणाला, मागच्या अंगणात ठेवूया. मी ऐकलं नाही. फॉर्म भरला, उंची-रुंदीचं चित्र काढलं, हे काय आहे आणि रोज सकाळी तिथे काय करतात ते एक पानभर लिहिलं. समितीच्या बैठकीला गेले. तिथल्या एका वयस्कर बाईंनी रंगांचं कार्ड काढून माझ्या फोटोशेजारी धरलं. मंजूर रंगांत टेराकोटा होता, जवळजवळ आपल्या कावेसारखाच. आता वृंदावन दाराशीच आहे. मेपासून सप्टेंबरपर्यंत तुळशीवर सावलीचं कापड बांधते, आणि जानेवारीत एखाद्या रात्री गारठा पडतो तेव्हा जुनी चादर.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याची सवय होते असं मी खोटं सांगणार नाही. २०२३ मध्ये ३० जूनपासून फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर गेला. थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. पहाटे पाचला फिरून यायचं, मग दिवसभर पडदे ओढून आत. घर घेताना एसी किती वर्षांचा आहे हे स्वयंपाकघराच्या आधी बघा. आणि रात्री निळ्या जांभळ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन भिंती बघायच्या, कारण त्या प्रकाशात विंचू हिरवे चमकतात. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत हे मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवलं.

तिकडेही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. फिनिक्सला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १८० मिलिमीटर. साखळीत तेवढा एका चांगल्या दिवसात पडून जातो. आधी धुळीची भिंत येते, मग टपोरे थेंब, आणि क्रिओसोट नावाच्या झुडपांचा उग्र, औषधी वास सगळीकडे भरतो. शेजारीपाजारी दारं उघडून बाहेर येऊन उभे राहतात. कोणी बोलत नाही.

चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतो, म्हणजे फळं-शेंगा टांगलेली चौकट. इथून ताजी फळं नेता येत नाहीत, म्हणून तिथे मिळेल त्याची: शेजारच्या अंगणातली डाळिंबं, कच्ची पपनसं, खजुराचा घड, मेस्कीटच्या वाळक्या शेंगा, आणि फड्या निवडुंगाची लाल बोंडं, चिमट्याने तोडून, काटे विस्तवावर जाळून. आईला फोटो पाठवला तेव्हा तिने एकेकाचं नाव विचारलं. माटोळी म्हणजे आपल्या रानात काय आहे ते देवासमोर मांडायचं, असं ती नेहमी सांगते. मग निवडुंगाला हरकत कसली?

काल माझा चुलतभाऊ आला होता. पठारावरच्या एका प्रकल्पात त्याला रो-हाउस घ्यायचंय, टोकन द्यायची घाई आहे. कागद आणले होते: एक-चौदाचा जमिनीचा उतारा, बिगरशेतीची सनद, नकाशे, सगळं नीट फाइलला लावलेलं. बाबांनी चष्मा लावून एकेक पान वाचलं आणि विचारलं, ‘‘पाणी कुठलं?’’

‘‘नळजोडणी येणार आहे काका. तोवर बिल्डर टँकर देतो.’’

मी त्याला रिओ व्हर्देची सगळी गोष्ट सांगितली. जोडणी मंजूर झाल्याचा कागद मागून घे म्हटलं, बोअरवेलवर असेल तर तिची परवानगी बघ, आणि आत्ता पावसात बघून काही कळणार नाही, मे महिन्यात जाऊन तिथे राहणाऱ्यांच्या घरी नळ सोडून बघ. तो बराच वेळ विहिरीच्या कठड्याशी उभा होता. जाताना म्हणाला, टोकन मे पर्यंत थांबवतो. वहिनीला हे आवडलेलं नाही. तिला दिवाळीला नव्या घरात जायचं होतं. उद्या तिच्याशी बोलायला मी स्वतः जाणार आहे.