आमची वाटचाल : रात्रपाळीच्या जिवावर

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतच आहेत. ऑपरेशन होतं, टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो. पण लकव्याने अर्धं अंग गेलेल्या आजोबांना नळीसकट घरी नेऊन पुढं करायचं काय, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. अशाच पेशंटसाठी आम्ही 2009 साली हे शुश्रूषा केंद्र काढलं.

भागीदार म्हणून लाभल्या मिशनमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या सिस्टर. पैसा माझा, शिस्त त्यांची. तेव्हा लोडशेडिंग असायचं. लाइट गेली की एअरबेडचा, म्हणजे पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून घालतात त्या हवेच्या गादीचा, पंप बंद, आणि हवा उतरायला लागायची. सिस्टरनी इन्व्हर्टर आधी एअरबेडला आणि घशातला कफ ओढणाऱ्या सक्शन मशीनला जोडायला लावला, ऑफिसच्या पंख्याचा नंबर शेवटी. एअरबेडवर चादर ताणून खोचलेली त्यांना खपायची नाही. ताणलेल्या चादरीवर माणूस अधांतरी राहतो, मग खालच्या हवेचा उपयोग काय? रोज प्रत्येकाच्या कमरेखाली, गादीच्या तळातून हात सरकवून बघायच्या, की माकडहाड खाली टेकतंय का. टेकलं तर पंप वाढवायचा.

आणि त्यांचं भरतीचं रजिस्टर. पेशंट आला की आडोसा करून डोक्यामागून टाचांपर्यंत अंग तपासायचं. लाली असो वा जखम, सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायची आणि खाली नातेवाइकाची सही. कित्येकांना राग यायचा. सही घेतल्याशिवाय सिस्टर कॉट देत नसत.

पुढची वर्षं बरी गेली. 2019 चा महापूर आणि 2020 चं लॉकडाऊनही निभावलं. ते सगळ्या सांगली-मिरजेनंच सोसलं. आमचं कंबरडं मोडायची वेळ आली ती 2022 मध्ये, आणि ती माणसांनी आणली.

चालत जाण्याच्या अंतरावर एक नवं केंद्र उघडलं. नाव घेत नाही. काचेचं दार, एसी रिसेप्शन आणि महिन्याचा दर आमच्यापेक्षा चार हजारांनी कमी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ज्याचा त्याचा धंदा. पण पेशंटचं सगळं करणाऱ्या, आम्ही शिकवून तयार केलेल्या मावश्या आणि मामा त्यांनी एकेक करून फोडले. बघता बघता रात्रपाळी निम्मी रिकामी झाली. नव्या मावशीला राईल्स ट्यूबचं फीड, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीनं पातळ अन्न देणं, शिकवायचं म्हणजे चेष्टा नाही. कॉटची डोक्याकडची बाजू उचलायची, नळी जागेवर असल्याची सिस्टरनी खात्री करायची, फीड सावकाश सोडायचं आणि नंतर किमान अर्धा-पाऊण तास माणसाला सपाट झोपू द्यायचं नाही. नाहीतर तेच फीड छातीत जातं. हे चार दिवसांत हातात बसत नाही. सिस्टर, मी आणि माझी सून आळीपाळीनं रात्री जागलो. दर दोन तासांनी कूस बदलायची, टर्निंग चार्टवर वेळ लिहायची, सही करायची, पुढच्या कॉटकडे जायचं. हात कमी पडतील म्हणून नवे पेशंट घेणं थांबवलं. बँकेचा हप्ता थकला, पण एकही कूस चुकू दिली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडे एका आजोबांना बेडसोअर, म्हणजे एका जागी पडून होते ती जखम, झाला, असं गावात पसरवलं गेलं. ती जखम भरतीच्या दिवशीचीच होती. रजिस्टरला तिचं माप आहे, मुलाची सही आहे, आणि आमच्याकडे ती भरत आली होती. पण रजिस्टर बघायला येतो कोण? बऱ्याच कुटुंबांनी पेशंट हलवले.

त्यांतल्या एक आजी काही आठवड्यांनी परत आल्या. मनगटांवर बँडेजचे वळ, डावी टाच काळी पडलेली. नळी उपसतात म्हणून रात्री हात कॉटला बांधायचे, असं त्यांच्या मुलानंच सांगितलं. अख्ख्या मजल्याला रात्री एकच मावशी. त्या बाईला मी दोष देत नाही, एकटीनं काय काय बघावं तिनं? ते चार हजार वाचत होते ते असे. याची चीड आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या दिवसांत आम्हाला तारलं ते बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी. त्यांची आई आमच्याकडे होती. त्यांनाही तिकडचा माणूस भेटून गेला. काकूंनी त्याला एकच विचारलं, “रात्री तीन वाजता जागं कोण असतं?” तो म्हणाला, प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे. “कॅमेरा कूस बदलतो का?” म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. मी मागितले नव्हते. त्यातून रात्रपाळीचे पगार केले. काकूंची आई पुढं वारली. आता त्यांच्या सासूबाई आमच्याकडे आहेत. गेलेल्या मावश्यांपैकी दोघी परत आल्या, त्यांना मी कारण विचारलं नाही.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. घरी करत असाल तर पाठ लाल दिसली म्हणून स्पिरिट-पावडर लावून चोळत बसू नका, आतली कातडी आणखी दुखावते. बोटानं दाबून बघा. लाली फिकी होत नसेल तर ती सुरुवात समजा आणि त्या कुशीवर निजवू नका. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून उचलून ठेवा. बसायला रबरी रिंग आणू नका. आणि केंद्र शोधत असाल तर रिसेप्शनला भुलू नका. चादर वर करून टाचा बघा, पाण्याचा ग्लास हाताशी आहे का बघा, इन्सुलिन कोण देतं आणि शुगर 70 च्या खाली गेली तर काय करतात, ते विचारा. टर्निंग चार्ट मागा. सगळ्या वेळा एकाच पेनानं, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर उठून या.

आमच्याकडे बघायला कधीही या, रात्रीसुद्धा. पुढचं फाटक दहाला बंद होतं, मागच्या दाराची बेल दाबा. दार उघडायला एखाद मिनिट लागलं तर रागावू नका, मावशी कुणाची तरी कूस बदलत असतील.