गरम झाली की रुसणारी गाडी घेऊन चार दिवस: घाटातली 43 मिनिटं आणि उगाच बदललेली बॅटरी

आधीच सांगतो, प्रवासातल्या निसर्गाबद्दल यात काही नाहीये. पहिला दिवस मस्त गेला, रस्ता चांगला, हवा चांगली, विषय संपला. हे लिहितोय ते दुसऱ्या दिवसाच्या दुपारसाठी आणि ज्यांची गाडी गार असताना एका सेल्फमध्ये चालू होते पण तापल्यावर कधीतरीच (दरवेळी नाही, हीच खरी पीडा) नाही म्हणते त्यांच्यासाठी. फ्यूज कुठे असतात, मल्टिमीटर कसा धरायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

निघायच्या आधी महिनाभरात दोनदा असं झालं होतं. गॅरेजला नेली की तिथे शहाण्या पोरासारखी चालू. मेकॅनिक म्हणाला बॅटरी वीक आहे, मी पण मान डोलावली आणि नवी बॅटरी घेऊन बसलो. आता विचार केला की स्वतःचाच राग येतो, कारण दोन्ही वेळेला सेल्फ जोरात फिरत होता! सेल्फ धडधडीत फिरतोय आणि तरी इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा काय संबंध?

तर दुसरा दिवस. ऐन दुपारी घाट चढून अर्ध्यात आलो, एका वळणाच्या पुढे जरा रुंद जागा होती तिथे थांबलो, गाडी बंद केली, वीस मिनिटांनी परत बसलो, सेल्फ मारला आणि नुसतं खर्र खर्र खर्र. मी मारतोच आहे मारतोच आहे, शेवटी मेव्हणा म्हणाला दाजी बास करा, आता बॅटरी पण घालवाल. बरोबर बोलला. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मधे मिनिटभर तरी सोडा, नाहीतर सेल्फची मोटर तापून दुसरंच दुखणं मागे लागतं. चाकांमागे दगड लावले, पार्किंग लाइट चालू केले, सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं केलं, आणि 43 मिनिटांनी गाडी जणू काही झालंच नाही अशी चालू झाली.

वीस मिनिटांच्या थांब्यालाच हे का होतं ते मला नंतर कळलं. चालत्या गाडीत पाणी फिरत असतं, पंखा असतो, समोरून वारा असतो. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं पण लोखंडातली उष्णता तिथेच असते, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान पहिला काही वेळ उलट वाढतं. म्हणजे दोन मिनिटं थांबलात तर चालू होईल, दोन तास थांबलात तरी होईल, अडकाल ते मधल्या पंधरा ते तीस मिनिटांत. थांबायचंच असेल तर बॉनेट उघडून वाऱ्याकडे तोंड करून लावा.

घाट उतरल्यावर पहिलं जे गॅरेज दिसलं तिथे गेलो ती दुसरी चूक. त्याने ऐकलं, इग्निशन ऑन केलं, पंप दोन सेकंद गुणगुणला आणि बंद झाला, त्याबरोबर निकाल: पेट्रोल पंप गेलाय. दमलो होतो, भांडायची ताकद नव्हती, बदलला पंप, आणि मजुरी पण अडलेल्या माणसाकडून घेतात तशीच घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी परत खर्र खर्र.

इथे नीट लक्ष द्या कारण यातच सगळे फसतात. बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद चालून थांबणं हेच नॉर्मल आहे. पुढे तो चालू राहतो ते इंजिन फिरतंय असा सिग्नल ईसीयूला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मिळाला तर. हा सिग्नल देतो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्ट फिरतोय का ते बघणारा सेन्सर. तो मेला की ईसीयूच्या दृष्टीने इंजिन उभंच आहे, मग तो स्पार्क पण देत नाही, इंजेक्टर पण उघडत नाही आणि पंप पण पुढे चालवत नाही. बघणाऱ्याला वाटतं पंप गेला, दुसऱ्याला वाटतं स्पार्कची कॉइल गेली. एकाच वेळी स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही गायब असतील तर दोन पार्ट एकदम मरण्यापेक्षा दोघांना हुकूम देणारा मेलाय असं समजा.

तिसऱ्या दिवशी मात्र मी डोकं शांत ठेवलं, खरं तर इतका वैतागलो होतो की भीतीच गेली. मेव्हण्याला सांगितलं तू सेल्फ मार, मी आरपीएमच्या काट्याकडे बघतो. काटा शून्यावरून हललाच नाही. माझ्या गाडीत गार असताना सेल्फ मारला की तो थोडा उचलतो हे मी आदल्या रात्री मुद्दाम बघून ठेवलं होतं. तुमच्याकडे पण आधी गार असताना बघून ठेवा, काही गाड्यांत सेल्फला काटा तसाही हलत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) असेल तर लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघा, निरोगी गाडीत सेल्फवर साधारण 150 ते 250 दिसतात, माझ्याकडे शून्य. आणि हो, चेक इंजिन लाइट लागलेला नव्हता, पी0335 (क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा) वगैरे कोड काही नाही, त्यामुळे कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक हे डोक्यातून काढून टाका.

मग एक प्लग काढला (गरम असतो, हात भाजतो, मला विचारा), कोरडा ठणठणीत. एवढा वेळ सेल्फ मारून प्लग कोरडा म्हणजे इंजेक्टर उघडतच नाहीयेत. ओला असता, पेट्रोलचा वास आला असता तर गोष्ट वेगळी, ती खाली सांगतो.

सेन्सर माझ्या गाडीत गिअरबॉक्सच्या जोडावर आहे, सायलेन्सरच्या पाईपपासून वीतभर. कपलर (वायरीचा जोड) काढला, मीटर लावला, ओपन, काहीच रीडिंग नाही. ओलं फडकं फक्त सेन्सरवर धरलं, तापलेल्या पाईपवर पाणी ओतू नका रे बाबांनो, आणि पाचसात मिनिटांत मीटरवर 850 ओहम. कपलर लावला, सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात चालू! मी रस्त्यावर अक्षरशः नाचलो. आतली तार बारीक तुटलेली असते, गरम झाली की फाकते, गार झाली की टेकते, एवढंच ते कोडं. ही ओहमची टेस्ट दोन वायरच्या सेन्सरला, तीन वायरचा हॉल सेन्सर असेल तर त्याला सप्लाय येतोय का आणि सेल्फवर सिग्नल बदलतोय का ते बघायचं.

आता ज्यांचं दुखणं वेगळं आहे त्यांच्यासाठी भराभर.

सेल्फ फिरतच नाही, नुसतं कट वाजतं, तर स्टार्टर (सेल्फची मोटर), त्याचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा वायरी. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणजे 80 डिग्री जास्त तापलं की तीस टक्क्यांच्या वर, त्यात अर्थिंग गंजलेली असेल तर संपलं. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप दिसला तर आधी अर्थची वायर साफ करा, स्टार्टर नंतर. मॅन्युअल गाडी यात धक्क्याने चालू होते. क्रँक सेन्सर गेला असेल तर अख्खं गाव ढकलायला आणा, होत नाही.

प्लग ओला, वास येतोय, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शन गाड्या तेव्हा पेट्रोल कापतात. चालू झाली तर गळका इंजेक्टर किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा, तो इंजिन गार आहे असं खोटं सांगत असेल तर गरम इंजिनात उगाच जास्त पेट्रोल जातं. पेट्रोलची वाफ होते हे कारण कार्ब्युरेटरच्या गाड्यांना खरं आहे, इंजेक्शनवाल्यांना कुणी पहिल्या वाक्यात तेच सांगितलं तर किल्ली परत घ्या.

माझं मत विचाराल तर गार गाडीवर पार्ट बदलणारा मेकॅनिक म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणारा डॉक्टर. बिघाड जिवंत असतो ती वीस-तीस मिनिटंच तुमची, तेव्हा काटा, प्लग, मीटर एवढं बघून घ्या, फोनवर व्हिडिओ काढा आणि तो गॅरेजमध्ये दाखवा. आणि संशय असेल तर अशी गाडी घाटात नेऊच नका, रात्री तर नाहीच. क्रँक सेन्सर चालत्या गाडीत पण जातो, इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड आणि ब्रेकला दोनतीन दाबांपुरतीच मदत उरते. माझं नशीब की थांबल्यावर गेला.

सेन्सर बदलायला अर्धा तास लागला, एक बोल्ट आणि एक कपलर. जुना मी मागून घेतला. चौथ्या दिवशी परत येताना त्याच वळणावर भर दुपारी मुद्दाम थांबलो, घड्याळ लावून वीस मिनिटं, घरचे सगळे माझ्याकडे वेड्यासारखं बघत होते. चालू झाली. परत बंद केली, परत चालू, असं पाचदा केलं. सेल्फ मात्र झकास फिरत होता, नवी बॅटरी ना.