घड्याळ सुरू होतं

अटलांटाच्या आसपासच्या कोर्टांत मी दुभाषी म्हणून जाते. मराठीचं काम वर्षातून चार-पाच वेळा, एरवी हिंदी. लोकांना वाटतं दुभाषी म्हणजे मदतनीस. तसं नसतं. आरोपी ‘मी’ म्हणाला की मीही इंग्रजीत ‘मी’च म्हणायचं. वकील ‘मी’ म्हणाले की मराठीत ‘मी’. तो ‘ताई, काय करू?’ म्हणाला, तरी ते वकिलाला विचारलंय असं धरून ‘ताई’सकट इंग्रजीत करायचं. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही. अकरा वर्षं मी हे काटेकोर पाळलंय. या केसमध्येही पाळलं, आणि तेच डोक्यातून जात नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पोरगा खानदेशातला, तिशीच्या आतला. पर्यटक व्हिसावर आला, मुदत संपली तरी राहिला. गॅस स्टेशनच्या दुकानात रात्रपाळी करायचा. पहाटे परतताना मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने गाडी थांबवली, तर लायसन्स नाही, म्हणून अटक. त्याच्यासारख्याला जॉर्जियात ते मिळतच नाही, आणि दुकान ते खोली या आठ मैलांत बस नाही. नाव न घेता हे मी एका ओळखीच्या काकांना सांगितलं, तर म्हणाले, ‘मग चालवायची कशाला?’ काकांच्या दारात चार गाड्या उभ्या असतात.

‘इमिग्रेशनला फोन कुणी केला?’ हा प्रश्न मला प्रत्येक कुटुंब विचारतं. फोन कुणीच करत नाही. काउंटी जेलमध्ये घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशन ज्याच्या हाताखाली आहे त्या खात्याकडे. ही व्यवस्था २००८ मध्ये सुरू झाली, २०१३ पर्यंत देशभर पोचली. याने मुंबईत व्हिसासाठी दिलेले दहाही बोटांचे ठसे तिथे होतेच. त्याच दिवशी जेलकडे आय-२४७ए नावाचा फॉर्म आला. यालाच डिटेनर म्हणतात. जेलची माणसं नुसतं ‘आइस होल्ड’ म्हणतात; आइस म्हणजे लोकांना पकडून परत पाठवणारं इमिग्रेशनचं खातं.

या कागदावर न्यायाधीशाची सही नसते. सोबत वॉरंट असतं, त्यावरही इमिग्रेशन अधिकाऱ्याचीच सही. मजकूर विनंतीचा: हा माणूस एरवी ज्या क्षणी सुटला असता त्यापुढे जास्तीत जास्त ४८ तास त्याला ठेवा. ही विनंतीच आहे, हुकूम नव्हे, असं एका फेडरल अपील कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलंय. पण ते कोर्ट पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सीकडचं. आमच्याकडे २०२१ च्या जानेवारीत ग्विनेट आणि कॉब काउंटीच्या नव्या शेरीफांनी आइसबरोबरचे २८७(जी) करार (यात जेलचीच माणसं आइसचं काम करतात) मोडले होते, तेव्हा काही दिवस वाटलं होतं की वारं बदलतंय. मग २०२४ मध्ये लेकन रायली या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा बेकायदा आलेल्या एकाने खून केला, त्यानंतर राज्याने कायदाच केला. आता सहकार्य बंधनकारक. जो अधिकारी जाणूनबुजून टाळेल त्याच्यावर गुन्हा, आणि काउंटीचा राज्याकडून येणारा निधी पणाला. शेरीफला निवडून देतो आम्ही, ठरवतं राज्य.

तर त्या दिवशी जेलमधली काचेची खोली. आरोपीच्या बाजूने सरकारने दिलेल्या वकीलबाई हुशार, पण फायलींचा ढीग एवढा की माणशी वीस मिनिटं. डिटेनर या शब्दाला मराठीत काही नाही. मी म्हटलं, ‘थांबवून ठेवण्याची विनंती.’ कागदावरचा शब्द तोच होता.

‘विनंती आहे, मंग जेलवाले नाही म्हणू शकतात का?’

मी विचारलं. बाई म्हणाल्या, इथे नाही. मी म्हटलं, इथे नाही. मग फाइल चाळता चाळता त्या म्हणाल्या, ‘इफ युवर ब्रदर पोस्ट्स बाँड, द क्लॉक स्टार्ट्स.’

मी म्हटलं, ‘तुमच्या भावाने जामीन भरला, की घड्याळ सुरू होतं.’

त्याचा चेहरा खुलला. ‘बरं ताई, मी सांगतो त्याला.’

अर्थ उलटा होता. जामीन भरला की काउंटीने सोडायचा क्षण येतो आणि आइसचे ४८ तास तिथून मोजायला लागतात. न भरता आत राहिलं तर इमिग्रेशनचा वकील गाठायला थोडे दिवस तरी मिळतात. त्याने मात्र घरी जायचं घड्याळ ऐकलं. तो खुललेला चेहरा मी पाहिला. आमच्या नियमांत यासाठी जागा आहे: ‘दुभाषीला वाटतं की गैरसमज झाला असावा,’ असं म्हणता येतं. तोंडाशी आलं होतं. डेप्युटीने काचेवर टकटक केली, बाईंनी फाइल मिटली, पुढचा आरोपी दारात उभा होता. मी माझी वही बॅगेत टाकली.

पुढच्या तारखेला मलाच बोलावलं. नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. बाईंनी सांगितलं, आरोपी आइसच्या ताब्यात, लम्पकिनच्या स्टुअर्ट डिटेन्शन सेंटरमध्ये. दोन मिनिटांत पुकारा संपला. मला मात्र नियमाप्रमाणे किमान दोन तासांचे पैसे मिळणार होते.

बाहेर भाऊ उभा होता. मला बघून म्हणाला, ‘ताई, त्या दिवशी तुम्हीच होता ना? घड्याळाचं काय म्हणाले होते वकील?’

‘ते वकिलांनाच विचारा,’ मी म्हटलं. त्याला इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. तेवढ्यात बाईच आल्या आणि म्हणाल्या, जरा आम्हा दोघांत दुभाषी म्हणून बोलाल का? त्याने प्रश्न विचारला, मी इंग्रजीत केला. त्यांनी पाच मिनिटं समजावलं: जामीन म्हणजे काय, ४८ तास कुठून मोजतात, गाडी कधी येते. या वेळी एकही शब्द अडला नाही. त्याने विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? बाई थोड्या दुखावल्या, आणि त्या जे म्हणाल्या ते नियमाप्रमाणे, त्यांच्या जागी, मी मराठीत म्हटलं:

‘मी सांगितलं होतं.’

तो बाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

‘हो ताई,’ तो म्हणाला. मी तेही इंग्रजीत केलं.