वीज गेली तेव्हा ऐकू आलेली खोली

फर्निचरची आणि अंतर्गत सजावटीची कामे घेत मला सोलापुरात बरीच वर्षे झाली, परंतु आवाज शोषणारी पॅनेल बनवण्याचे काम पहिल्यांदा आले ते गेल्या उन्हाळ्यात. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायची होती. खोली १२ बाय १० फुटांची, उंची १० फूट, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी आणि बोळाच्या पलीकडे यंत्रमागाचा कारखाना. साहित्य सरांनी आधीच आणून ठेवले होते: थर्मोकोल, अंड्यांचे कागदी ट्रे आणि एक इंच जाडीच्या फोमची गुंडाळी. वरून लावायला काकूंनी मरून रंगाचे रेक्झिन पसंत केले होते, कारण ते ओल्या फडक्याने पुसता येते. "मिस्त्री, हे सगळं चौकटीत बसवून भिंतीवर लावा, म्हणजे मागांची खडखड बंद होईल," असे सर म्हणाले, तेव्हा मीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

मापे घेत असताना दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत माझ्या हातातली पोलादी टेप सुटून खटकन मिटली आणि तो खटका भिंतीभिंतींमधून झणझणत राहिला. सरांनी चमकून वर पाहिले. मी टाळी वाजवली, तर तीही तशीच झणझणली. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो, जिथे लग्नसराईच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या, उशा आणि चादरींची चळत छताच्या जवळपास पोहोचली होती. तिथे टाळी वाजली आणि तिथेच विझली.

दुखणी दोन होती, आणि आम्ही दोघे त्यांना एकच समजून बसलो होतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. खोलीत घुमणारा आवाज शोषायला हवा आत शिरू देणारा तंतुमय किंवा सच्छिद्र पदार्थ लागतो. पॅनेल दुसरे काम करते, पहिले जवळजवळ नाहीच. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ च्या सुमारास एका व्याख्यानगृहाचा घुमारा मोजताना शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या होत्या, हे मी नंतर वाचले आणि काकूंच्या त्या चळतीची आठवण झाली. त्यांच्या सूत्राने हिशेब केला, तर या रिकाम्या खोलीचा घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, साधारण दोन सेकंदांहून अधिक येत होता, आणि चांगल्या साहित्याची ४ बाय २ फुटांची आठ पॅनेल लावल्यास तो पाऊण सेकंदाच्या आसपास येईल असे दिसत होते.

आता साहित्य. थर्मोकोल तेथेच बाद झाले, कारण त्याचे कण बंद असतात, हवा आत जातच नाही. ते उष्णता अडवते म्हणून आवाजही शोषेल, ही समजूत मात्र फार पसरलेली आहे. अंड्यांचे ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. फोमचे प्रकरण थोडे निराळे होते. उन्हाळ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला, तर १,००० हर्ट्झची लहर ३५ सेंटिमीटरची आणि १०० हर्ट्झची साडेतीन मीटरची होते. लहर जितकी लांब, तितका शोषणारा थर जाड लागतो; म्हणून एक इंची फोम 'स', 'श' यांची धार तेवढी खातो, सरांचा खर्जातला घुमारा तसाच राहतो. त्याचा एक तुकडा अंगणात नेऊन काडी लावली, तर काळा धूर सोडत, ठिबकत तो क्षणात संपला. काकूंनी फोमचे नाव पुन्हा काढले नाही.

पिंजलेला कापूस सोलापुरात हाताशी आहे आणि मला त्याचा मोह होता. पण उभ्या चौकटीत तो काही महिन्यांत खाली बसतो, गादीसारखे टाके घालावे लागतात, आणि आगीचे भय आहेच. शेवटी रॉकवूल ठरले. बसाल्टसारखा दगड वितळवून काढलेले हे तंतू जळत नाहीत. घनमीटरला ४८ किलो घनतेची, ५० मिलिमीटर जाडीची, एका पॅनेलच्या मापाची पट्टी पावणेदोन किलोच्या आतबाहेर भरते, त्यामुळे भिंतीवर भार येत नाही. ग्लासवूल, म्हणजे काचेचे तंतू, स्वस्त पडते, पण माझ्या माणसांनी आधीच्या एका कामात त्याची खाज सोसलेली होती. रॉकवूलही टोचतेच, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे घालूनच, चाळिशीपार उन्हात, चौकटी भरल्या. चौकट चार इंच खोल ठेवून मागे दोन इंच पोकळी सोडली, कारण त्या पोकळीने फुकटात खालचे सूर अधिक शोषले जातात.

राहिले रेक्झिन. मी ते काकूंच्या तोंडापुढे धरले आणि म्हणालो, "काकू, फुंकर मारून बघा." पलीकडे धरलेल्या तळव्याला काहीच लागले नाही. मग त्यांनी स्वतःच कपाटातून एक जुनी सोलापुरी चादर काढली, फुंकर मारली आणि हसून म्हणाल्या, "लागतंय की वारं."

पॅनेलवर त्या चादरीच आहेत. खडखडीसाठी सरांनी टेबल आतल्या खोलीलगतच्या भिंतीकडे हलवले. खिडकीच्या दुहेरी काचेचा आणि रबरी पट्ट्यांचा अंदाज मी दिला आहे. तो त्यांना जास्त वाटतो. तोवर ते पहाटे वाचतात, आणि दुपारी वीज गेली की पुन्हा माइकसमोर बसतात.