दुसरा गाळा

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीवरच्या पुलाखाली तपासणीला उतरायचं तर आधी मगर कुठे पडलीय ते बघायचं, मग मचाण. आमचे हेल्पर काका बांबू घेऊन काठावर, मी वर हातोडी घेऊन. 2025च्या जुलैत गुजरातमधलाच गंभीरा पूल पडला तेव्हापासून आमच्या फायली पळायला लागल्यात. त्याआधी बेअरिंगचे फोटोसुद्धा कुणी मागत नसे.

चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. दुसऱ्या गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, कडेचा गर्डर मात्र बद्द वाजला. छिन्नी लावताच हाताएवढा ढलपा निघाला. आतली 20 मिलिमीटरची सळई कॅलिपरला कशीबशी 16 भरली. गंज लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, काँक्रीट फुटणार नाही तर काय! ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारलं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, त्याच्या अल्कतेवरच सळई तगते. इथे 40 मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सगळं कोरडं पांढरं. गुलाबी रंग सुरू झाला तो सळईच्या मागे.

आणि त्याला लागूनच एक फिकट राखाडी चौकोन. 2016चा पॅच. माझाच. तेव्हा सळई तारेच्या ब्रशने घासली, पॉलिमर मॉर्टर भरलं, सही ठोकली. परवा हाफ-सेल, म्हणजे आतल्या गंजाचा अंदाज व्होल्टेजवरून देणारं यंत्र, फिरवला तर चौकोनाच्या आत उणे 180 मिलिव्होल्ट आणि कडेने चारही बाजूंना उणे 430. उणे 350च्या पलीकडे गेलं की आत गंज चालू आहे असं धरतात. म्हणजे पूर्वी ती एक जागा गंजून शेजारच्या सळयांना राखत होती. तिला मी नवं पांघरूण घातलं आणि पाळी शेजारच्यांवर आली. हे पुस्तकात असतं. मी ते 2016 नंतर वाचलं.

पण पाणी येतंय कुठून? वर गेलो. कठड्यालगत स्पाउटची, म्हणजे पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या पाइपची, जाळी असायला हवी, दिसेचना. रस्तेवाल्यांना पूल म्हणजे पाय असलेला रस्ता वाटतो. जुनं डांबर न खरवडता थरावर थर. पहारीने वीतभर उपसल्यावर जाळी लागली. त्यात माव्याच्या पन्न्या, उत्तरायणाचा मांजा, निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी, तीही गाठ मारलेली.

साफ करून काकांनी बादलीभर पाणी ओतलं, मी खाली पळालो. पाइप स्लॅबच्या बुडाशीच संपलेला. पाणी थेट गर्डरच्या अंगावरून ओघळलं, बरोबर माझ्या चौकोनावरून. म्हणजे तुंबला तरी ओल, मोकळा असला तरी ओल. गर्डरच्या खाली निदान फूटभर तोंड यायला हवं होतं. 2016 साली मी वर चढून बघितलंच नव्हतं.

"साहेब, दोन-तीन मीटर पाइपला कितीसे पैसे पडले असते?" काका वरून ओरडले.

मी हाफ-सेल पुसत बसलो.

रिपोर्ट अजून टेबलावर आहे. जोडपाइप, नवं कव्हर, कडेने सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अॅनोड, सगळं लिहून झालंय. 'पूर्वीची दुरुस्ती कोणी केली' हा रकाना तेवढा राहिलाय.