सातच तर तुकडे!

‘सातच तर तुकडे, त्यात एवढा वेळ काय बसता?’ टेबलावरचा टॅनग्रॅम पाहिला की कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

तुकडे खरंच सातच. पाच त्रिकोण, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. सगळे एकाच चौरसातून कापलेले. सातही वापरून आकृती जुळवायची, एकावर एक चढवायचे नाहीत, की झाले नियम. माझा संच जुना, लाकडी, कोपरे झिजलेले.

मी त्यात सगळ्यात जास्त माणसंच मांडते. चौरस टोकावर उभा केला की डोकं. परवा माझं बोट लागून तो चौरस जरासा कलला, आणि इतका वेळ ताठ चालणारा माणूस एकदम कुणाची तरी वाट बघायला लागला. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी! बाकीचे सहा तुकडे होते तिथेच होते.

समांतरभुज चौकोन मात्र लबाड. पालथा घातल्यावर ज्याचा आकार बदलतो असा तो एकटाच. अर्धा तास डोकं खाजवायचं आणि शेवटी तो नुसता उलटायचा, हे माझं नेहमीचं.

खेळ चीनचा. त्याच्या आकृत्यांचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक 1813 सालचं. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोप-अमेरिकेला त्याचं वेडच लागलं. 1903 मध्ये सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराने तो चार हजार वर्षं जुना असल्याची थाप मारली. बऱ्याच जणांना ती खरी वाटली. थाप झकास होती, यात वाद नाही.

खरोखर प्राचीन कोडं वेगळंच आहे, चौदा तुकड्यांचं. आर्किमिडीजने त्यावर लिहिलं होतं. त्याचा चौरस 536 वेगवेगळ्या प्रकारे जुळतो, हे 2003 मध्ये संगणकाने मोजून काढलं. मला त्या आकड्यापेक्षा चौथ्या शतकातला रोमन कवी ऑसोनियस जवळचा वाटतो. हाडाच्या चौदा तुकड्यांतून काय काय होतं याची यादीच त्याने दिली आहे: हत्ती, रानडुक्कर, उडणारा हंस आणि भुंकणारा कुत्रा. नुसता कुत्रा नव्हे, भुंकणारा!

तेव्हापासून सात तुकड्यांत तो जमतो का बघतेय. मोठा त्रिकोण छातीला, चौरस डोक्याला, दोन लहान त्रिकोण जबड्याला. अजून तरी तो जांभईच देतोय.