एग्वी दु मिदी: वीस मिनिटांत आभाळात

शामोनीला पोहोचलो त्या संध्याकाळी आईने मान वर करून विचारलं, "त्या सुईच्या टोकावर जायचंय होय?" फ्रेंचमध्ये एग्वी म्हणजे सुईच, आणि मिदी म्हणजे भरदुपार. गावातून पाहिलं की मध्यान्हीचा सूर्य या सुळक्यावर येतो, म्हणून त्याचं नाव एग्वी दु मिदी.

फ्रान्समधलं हे गाव १०३५ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. रोपवे मात्र वीसेक मिनिटांत तुम्हाला ३७७७ मीटरवर नेऊन सोडतो. जवळजवळ पावणेदोन कळसूबाई एवढ्या वेळात चढायच्या! मजा यातच आहे आणि दमछाकही यातच.

आमचा पहिला दिवस ढगांनी खाल्ला. तिकीट आधीच काढून ठेवलं असतं तर धुकं बघायला पैसे मोजले असते. म्हणून शामोनीत दोन-तीन रात्री हाताशी ठेवा. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी वरचा वेबकॅम बघा. गावात ऊन पडलंय म्हणजे वरही असेल असं नाही, आणि उलटही खरं. आभाळ मोकळं असेल तर पहिल्या काही फेऱ्यांतच निघा. उन्हाळ्यात दुपारकडे ढग चढतात आणि रांगही. केबिनचा क्रमांक मिळतो, त्याप्रमाणेच आत सोडतात. गर्दीच्या दिवशी परतीचाही क्रमांक लागतो, तो वर पोहोचल्याबरोबर विचारून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. आमच्यापुढचं एक कुटुंब रांगेतून हिरमुसून परतलं.

२३१७ मीटरवर केबिन बदलते. पुढच्या टप्प्यात मधे एकही खांब नाही, नुसती तार आणि समोर येत जाणारा कडा. आई डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत होती.

वर पाऊल ठेवलं आणि नेहमीच्या सवयीने झपाझप जिना चढलो. वीस पायऱ्यांत छाती भात्यासारखी. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. अडुसष्ट वर्षांची आई मात्र एकेक पायरी, कठडा धरून, मंदिर चढावं तशी आली आणि माझ्याआधी ताजीतवानी झाली. तेच करा. पहिली दहा मिनिटं नुसते बसा, घोट घोट पाणी प्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर फोटो राहू देत, पुढची केबिन पकडून खाली या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना भारतातूनच विचारून निघा.

खाली जुलैचा उकाडा होता, वर कानटोपी आणि हातमोजे. गॉगल हवाच, बर्फावरून परतलेलं ऊन डोळ्यांना चावतं. सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा. मी विसरलो आणि आठवडाभर गळ्याची सालं काढत बसलो.

लिफ्टने ३८४२ मीटरवरच्या गच्चीवर गेलं की मों ब्लां, आल्प्समधला सर्वांत उंच डोंगर, अगदी शेजारी, गुबगुबीत, जरा निराश करणारा. ४८०० मीटरहून उंच असूनही तो टोकदार नाही. मला त्याच्यापेक्षा बर्फाच्या बोगद्यातून निघून, दोराला बांधून, अरुंद धारेवरून उतरणारे गिर्यारोहक बघायला आवडलं. मुंगीएवढे दिसत होते. २०१३ साली बांधलेल्या काचेच्या खोलीसाठी चपला देतात. पायाखाली हजार मीटर पोकळी. मी आत गेलो, आईने बाहेरून हात जोडले.

परतताना मधल्या स्थानकावर मुद्दाम उतरलो. तिथून खाली गाव, वर सुळका, बसायला दगड. पिशवीतलं चिवड्याचं पाकीट वर फुग्यासारखं टम्म फुगलं होतं. ते आता थोडं बसलं होतं. आईने दशम्या काढल्या, पाकीट फोडलं आणि म्हणाली, "चिवड्यालासुद्धा तिथे श्वास लागला बघ."